श्रेयनामावली आणि खासगीपणा : संगणकीय खेळांतील कर्त्याच्या नावाचा विचार

प्रस्तावना

संगणकीय खेळांकडे कलाकृती म्हणून पाहण्याची दृष्टी आता बरीच रुजली आहे. खेळाचे कथानक, त्यातील दृश्यरचना, ध्वनी आणि नियमव्यवस्था यांवर गंभीर लेखन होऊ लागले आहे. मराठीत असे लेखन अद्याप तुरळक असले, तरी विषय अपरिचित राहिलेला नाही. खेळाच्या अखेरीस पडद्यावर सरकत जाणारी श्रेयनामावली मात्र समीक्षेच्या कक्षेबाहेरच राहिली आहे. चित्रपटगृहात दिवे लागताच प्रेक्षक जागा सोडतात, त्याचप्रमाणे खेळाडूही या यादीकडे पाठ फिरवतो. वास्तविक 'हे कोणी केले?' या प्रश्नाचे उत्तर कलाकृती स्वतः देते, ती हीच जागा होय.

आंतरजालाच्या प्रसारानंतर या उत्तराला एक जोखीम जोडली गेली आहे. मुद्रित पुस्तकावरील नाव वाचकाला सहसा लेखकाच्या दारापर्यंत नेत नसे. खेळातील नाव शोधयंत्रात टाकले की गाव, शिक्षणसंस्था, छायाचित्रे आणि नातेवाईक काही मिनिटांत हाती येऊ शकतात. त्यामुळे खेळ करणाऱ्याला, विशेषतः एकट्याने काम करणाऱ्या तरुण निर्मात्याला, खरे नाव लावावे की काहीच लावू नये असे दोनच पर्याय दिसतात. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे आहे की हा पेच चुकीच्या पद्धतीने मांडला जातो. श्रेयासाठी नागरी ओळखीची आवश्यकता नसते. एकाच कर्त्याच्या कृती एकमेकींना जोडणारे टिकाऊ नाव पुरेसे असते. मात्र ते नाव उघडण्याची किल्ली कोणाच्या हाती आहे, यावर त्या नावाचा सारा अर्थ अवलंबून असतो.

खेळाच्या आतील स्वाक्षरी

या चर्चेचा आरंभ अमेरिकेतील अटारी या कंपनीपासून करणे क्रमप्राप्त आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अटारी आपल्या खेळांवर आज्ञावलीकाराचे नाव छापीत नसे. नावे प्रसिद्ध झाल्यास प्रतिस्पर्धी कंपन्या माणसे पळवतील ही भीती त्यामागे होतीच. शिवाय खेळ हे कोणा व्यक्तीचे नसून कंपनीचे उत्पादन आहे, अशीही धारणा होती. वॉरन रॉबिनेट या आज्ञावलीकाराने 'ॲडव्हेंचर' हा खेळ १९७९ मध्ये पूर्ण केला. चार किलोबाइटच्या त्या कार्ट्रिजमध्ये त्याने कोणालाही न सांगता एक गुप्त दालन ठेवले. चक्रव्यूहातील एका कोपऱ्यात पार्श्वभूमीच्याच रंगाचा, म्हणून डोळ्यांना न दिसणारा, एक ठिपका उचलायचा आणि तो योग्य भिंतीपर्यंत न्यायचा. मग ती भिंत ओलांडता येते. आत हा खेळ वॉरन रॉबिनेटने निर्मिला, एवढाच मजकूर उभ्या ओळीत झळकतो.

रॉबिनेटने त्याच वर्षी कंपनी सोडली. पुढे एका अमेरिकन किशोराने हे दालन शोधून अटारीला पत्र लिहिले, तेव्हा कंपनीला त्याचा पत्ता लागला. कार्ट्रिजचा साचा नव्याने करणे खर्चाचे असल्याने दालन तसेच राहू देण्यात आले, आणि खेळातील अशा लपवलेल्या गोष्टींना 'ईस्टर एग' हे नाव रूढ झाले. अशा खुणा त्यापूर्वीच्या एक-दोन खेळांतही आढळल्या आहेत, त्यामुळे रॉबिनेटला आद्यत्व देणे बरोबर नाही. त्याच्या कृतीचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे.

सर्वसाधारणपणे ही घटना कामगाराने मालकाविरुद्ध केलेले बंड म्हणून सांगितली जाते, आणि ते खरेही आहे. अटारीतूनच बाहेर पडलेल्या चार आज्ञावलीकारांनी १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन स्थापन केली आणि खेळाच्या माहितीपुस्तिकेत रचनाकाराचे नाव व छायाचित्र छापण्यास आरंभ केला, हा त्याच असंतोषाचा दुसरा आविष्कार होय. परंतु रॉबिनेटचे दालन आणि ॲक्टिव्हिजनची पुस्तिका यांत एक फरक आहे. पुस्तिकेतील नाव पहिल्या दिवसापासून सर्वांसमोर असते. दालनातील नाव कोठे आहे हे केवळ कर्त्यालाच ठाऊक असते. ते केव्हा सांगायचे, सांगायचे की नाही, हे त्याच्याच हाती राहते; आणि दुसऱ्या कोणी कर्तृत्वावर दावा केलाच, तर त्या ठिपक्याची वाट दाखवून तो खोडून काढता येतो. नाव झाकलेले असूनही पुरावा शाबूत राहण्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. रॉबिनेटला ते झाकून ठेवायचे नव्हते, सापडावे अशीच त्याची इच्छा होती, हे येथे विसरता कामा नये. तथापि ज्याला सापडू नये असे वाटते, त्यालाही ही युक्ती तेवढीच उपयोगी आहे.

कृतीच्या आतच कर्त्याचे नाव गुंफण्याची रीत मराठी वाचकाला नवी नाही. अभंगाच्या शेवटच्या चरणातील नाममुद्रा हे तेच कार्य करते. त्याचबरोबर नाममुद्रेची मर्यादाही मराठी संशोधनाला चांगलीच ठाऊक आहे. 'नामा' या मुद्रेच्या रचनांत संत नामदेवांच्या कोणत्या आणि विष्णुदास नामाच्या कोणत्या, हा गुंता अभ्यासकांना दीर्घकाळ सोडवावा लागला. नाव कृतीत असले तरी ते कोणीही उचलू शकतो. टोपणनावाने खेळ प्रसिद्ध करणाऱ्याला आज याच अडचणीला सामोरे जावे लागते. त्याचे नाव दुसऱ्या संकेतस्थळावर दुसरेच कोणी घेऊन बसू शकते.

लादलेले टोपणनाव आणि निवडलेले टोपणनाव

१९८० च्या दशकातील जपानी खेळांच्या श्रेयनामावल्या पाहिल्यास प्रथमदर्शनी खेळकरपणा जाणवतो. कोनामीच्या 'कॅसलव्हेनिया' (१९८६) या खेळाच्या शेवटी येणारी नावे भयपटांतील व भयकथांतील मान्यवरांच्या नावांची विडंबने आहेत. ड्रॅक्युलाचा जनक ब्रॅम स्टोकर तेथे 'व्ह्रॅम स्टोकर' होतो. किनुयो यामाशिता या तरुण संगीतकर्तीचे काम 'जेम्स बनाना' या नावाखाली गेले. हे भयपटांचे ब्रिटिश संगीतकार जेम्स बर्नार्ड यांच्या नावाचे विडंबन होय. कॅपकॉमच्या 'मेगा मॅन' (१९८७) मध्ये केजी इनाफुने 'इनाफकिंग' म्हणून येतात. विनोद खराच, पण त्याचे कारण विनोदी नव्हते. कर्मचारी ओळखले जाऊ नयेत आणि प्रतिस्पर्ध्यांनी त्यांना नेऊ नये, ही अटारीचीच भीती येथे निराळ्या रूपात वावरत होती. त्या खेळाचे संगीत जगभर गुणगुणले गेले. ते रचणारी स्त्री मात्र दीर्घकाळ एका केळ्याच्या नावाआड राहिली.

याच्या नेमके उलट उदाहरण जपानमध्येच २००४ साली घडले. 'युमे निक्की' म्हणजे 'स्वप्नांची रोजनिशी' हा खेळ 'किकियामा' या नावाने विनामूल्य प्रसिद्ध झाला. तो 'आरपीजी मेकर २००३' या सहज उपलब्ध साधनाने केलेला होता. त्यातील मुलगी आपल्या खोलीचे दार उघडायला नकार देते. ती झोपी जाते, स्वप्नांच्या प्रदेशांत भटकते, तेथून विचित्र वस्तू गोळा करते आणि पुन्हा त्याच खोलीत जागी होते. संवाद जवळजवळ नाहीतच. किकियामा कोण, हे आजतागायत सार्वजनिक झालेले नाही. २०११ च्या जपानमधील भूकंपानंतर किकियामाचे निधन झाले असावे, असा तर्कही चाहत्यांमध्ये पसरला होता. २०१८ मध्ये खेळाची नवी आवृत्ती कादोकावा या प्रकाशनसंस्थेने किकियामाच्या देखरेखीखाली काढली, तेव्हा तो तर्क मावळला.

या खेळाच्या संदर्भात एक समीक्षात्मक प्रमाद वारंवार घडलेला दिसतो. खोलीबाहेर न पडणारी नायिका आणि समोर न येणारा कर्ता यांची सरळ बेरीज करून खेळाला आत्मचरित्र ठरवले जाते. वस्तुतः कर्त्याविषयी काहीच ठाऊक नसताना कर्त्याच्या आयुष्यातून कृती उलगडणे हा तर्कदोष आहे. पण या दोषातून एक गोष्ट लक्षात येते. नाव झाकल्याने वाचकाचे कुतूहल शमत नाही, उलट वाढते. आणि ते कुतूहल कृतीतूनच कर्त्याला ओढून काढू पाहते. तरीही किकियामाला श्रेय मिळाले नाही असे कोणी म्हणणार नाही. 'युमे निक्की'ने प्रेरित झालेल्या खेळांची एक परंपराच निर्माण झाली आणि तिच्या उगमाशी किकियामाचे नाव निःसंदिग्धपणे जोडले जाते. माणूस अज्ञात आहे, कर्ता अज्ञात नाही.

'जेम्स बनाना' आणि 'किकियामा' ही दोन्ही टोपणनावेच आहेत. पहिल्यात किल्ली कंपनीकडे होती, दुसऱ्यात ती कर्त्याकडे आहे. एवढ्या एका भेदाने पहिले नाव हिरावून घेणे ठरते आणि दुसरे राखून ठेवणे. खासगीपणाच्या नावाखाली श्रेय नाकारण्याचा प्रकार आजही संपलेला नाही, म्हणून हा भेद केवळ ऐतिहासिक म्हणून सोडून देता येत नाही. 'एल. ए. नॉयर' (२०११) या खेळाच्या यादीतून शंभराहून अधिक माणसे वगळली गेल्याची तक्रार झाली होती. 'मेट्रॉइड ड्रेड' (२०२१) च्या निर्मात्या संस्थेने तर विकसनकाळाच्या पाव भागापेक्षा कमी काळ काम केलेल्यांची नावे घालत नसल्याचे धोरणच सांगितले. यांपैकी कोणी नाव लपवा अशी मागणी केली नव्हती.

दुसऱ्या बाजूला नाव उघडे असण्याची किंमतही लहान नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत खेळनिर्मिती व खेळसमीक्षा करणाऱ्या स्त्रियांविरुद्ध 'गेमरगेट' या नावाने जी छळमोहीम चालली, तीत निर्मात्यांचे घरचे पत्ते प्रसिद्ध करण्यात आले. धमक्यांमुळे ब्रियाना वू यांना घर सोडून जावे लागले. ज्या समाजात स्त्रीचे नाव व आडनाव विवाहानंतर बदलण्याची प्रथा आजही आहे, तेथे तर टोपणनाव हे कायदेशीर नावापेक्षा अधिक स्थिर श्रेय देऊ शकते, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

प्रकाशकाची ढाल

विभावरी शिरूरकर या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा महाराष्ट्रात उठलेले वादळ आणि 'या विभावरी कोण?' याविषयीचे तर्ककुतर्क मराठी वाङ्मयेतिहासात सुपरिचित आहेत. मालतीबाई बेडेकरांचे नाव त्या काळात पडद्याआड राहू शकले, कारण लेखिका आणि वाचक यांच्यामध्ये ह. वि. मोटे यांच्यासारखा प्रकाशक उभा होता. टोपणनावाचे हे तिसरे माणूस फार महत्त्वाचे असते. व्यवहाराच्या कागदांवर खरे नाव, मुखपृष्ठावर दुसरे, आणि दोहोंमधील दुवा एका विश्वासू हाती, अशी ती व्यवस्था होती.

कायद्यानेही ही व्यवस्था मान्य केली आहे. बर्न कराराच्या पंधराव्या अनुच्छेदानुसार निनावी वा टोपणनावी कृतीचा प्रकाशक हा कर्त्याचा प्रतिनिधी मानला जातो. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये संगणकीय आज्ञावलीचा समावेश 'वाङ्मयीन कृती'तच होतो. कलम ५७ कर्त्याला कर्तृत्व सांगण्याचा विशेष हक्क देते आणि प्रताधिकार विकला तरी तो हक्क उरतो. कलम २३ नुसार निनावी किंवा टोपणनावी कृतीचे संरक्षण प्रकाशनापासून ६० वर्षे चालते. मुदतीच्या आत कर्त्याची ओळख उघड झाल्यास ते मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत वाढते. म्हणजे नाव उघडण्याचा क्षण कर्त्याने पुढे ढकलला म्हणून त्याचा हक्क बुडत नाही.

या व्यवस्थेचे आजचे ठळक उदाहरण म्हणजे 'बालाट्रो'. पत्त्यांतील पोकरच्या हातांवर रचलेला हा खेळ फेब्रुवारी २०२४ मध्ये आला आणि वर्षभरात त्याच्या पन्नास लाख प्रतींची विक्री जाहीर झाली. त्याचा कॅनडातील कर्ता 'लोकलथंक' या नावानेच ओळखला जातो. हे नाव लुआ या संगणकभाषेत चलाची घोषणा करताना लिहाव्या लागणाऱ्या 'लोकल' या शब्दावरून त्याने गमतीने घेतलेले आहे. डिसेंबर २०२४ च्या 'द गेम अवॉर्ड्स' सोहळ्यात या खेळाला तीन पुरस्कार मिळाले. मंचावर गेला तो प्रकाशनसंस्थेचा प्रतिनिधी. टाळ्या झाल्या, चेहरा मात्र दिसला नाही, आणि त्याने श्रेयात तसूभरही उणे पडले नाही.

मात्र हे यश सर्वांना अनुकरणीय आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल. ज्याच्यामागे प्रकाशक नाही, त्याला विक्रीच्या दुकानासमोर स्वतःलाच उभे राहावे लागते. गुगल प्लेवर वैयक्तिक खाते काढून उत्पन्न मिळवणाऱ्या निर्मात्याचे कायदेशीर नाव आणि संपूर्ण पत्ता खेळाच्या पानावर दाखवला जातो. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यामुळे ॲपलच्या दुकानातही व्यापारी ठरणाऱ्या निर्मात्याचा पत्ता, दूरध्वनी आणि ईमेल तेथील ग्राहकांना दिसतो. ग्राहकाला तक्रार कोणाकडे करावी हे कळले पाहिजे, हा त्यामागील हेतू रास्तच आहे. परंतु कारखानदाराचा पत्ता आणि वसतिगृहातील विद्यार्थिनीचा पत्ता यांत कायदा भेद करीत नाही. स्टीम या दुकानात खरे नाव व बँकेचा तपशील कंपनीकडे द्यावा लागतो, पण पानावर दिसणारे निर्मात्याचे नाव वेगळे ठेवता येते. 'इच डॉट आयओ'वर टोपणनावाने खेळ ठेवणे ही तर नित्याची रीत आहे. जुन्या प्रकाशकाची भूमिका दुकानाने घ्यावी की न घ्यावी, हा खरा धोरणात्मक प्रश्न आहे. आज त्याचे उत्तर दुकानागणिक बदलते.

यंत्राने दिलेले श्रेय

लहान मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये सुरू केलेल्या 'स्क्रॅच' या व्यासपीठावर मुले स्वतः खेळ रचून प्रसिद्ध करतात. खाते काढतानाच खरे नाव वापरू नका असे त्यांना सांगितले जाते. प्रत्येक प्रकल्पाच्या पानावर टिपा आणि श्रेय यांसाठी जागा राखलेली असते, आणि दुसऱ्याच्या खेळावरून नवा खेळ केल्यास मूळ कर्त्याचा उल्लेख आपोआप उमटतो. म्हणजे खासगीपणा आणि श्रेय यांची सांगड येथे रचनेतच घातलेली आहे.

तरीही मुलांचे समाधान झाले नाही. आंद्रेस मोनरॉय-हर्नांदेझ, बेंजामिन माको हिल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की यंत्राने आपोआप केलेल्या उल्लेखाला मुले फारशी किंमत देत नाहीत. दुसऱ्या मुलाने स्वतःच्या शब्दांत मानलेले आभार त्यांना खरे श्रेय वाटते. नोंद आणि श्रेय या भिन्न गोष्टी आहेत, हा या अभ्यासाचा गाभा होय. प्रस्तुत चर्चेच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. ज्याने आभार मानले आणि ज्याचे मानले, त्या दोघांनाही एकमेकांची खरी नावे ठाऊक नसतात. टोपणनावाने टोपणनावाला दिलेली दाद खरी मानली जाते.

नाव बहुधा कर्त्याच्या मोठेपणाच्या हव्यासातून फुटत नाही, ते कृतज्ञतेतून फुटते. श्रेयाच्या चौकटीत 'चित्रे : माझी बहीण', पुढे तिचे नाव, 'चाचणी : आमच्या वर्गातील मित्र', पुढे शाळा आणि तुकडी. असा मजकूर लिहिणाऱ्याने स्वतःचे नाव कटाक्षाने टाळलेले असले, तरी उरलेल्या ओळींनी ते सांगून टाकलेले असते. शिवाय बहिणीला विचारले होते काय, हाही प्रश्न आहेच. श्रेय सामूहिक असल्यामुळे खासगीपणाही सामूहिक असतो. ज्याचे नाव लावायचे त्याने स्वतः निवडलेले नाव लावणे, ही लहानशी शिस्त शाळा-महाविद्यालयांतील संगणकवर्गात आज्ञावलीच्या पहिल्या धड्याबरोबरच शिकवता येण्याजोगी आहे.

नामावलीबाहेर गळणारे नाव

कर्त्याने नामावलीत कितीही सावधगिरी बाळगली, तरी खेळाची संचिका स्वतःच बोलते. विंडोजसाठी तयार केलेल्या खेळात कधी कधी संगणकावरील मूळ मार्ग तसाच राहून जातो आणि त्यात वापरकर्त्याचे नाव असते. गिटमधील प्रत्येक नोंदीबरोबर नाव व ईमेल साठवले जाते. अँड्रॉइडसाठीच्या संचाला दिलेले नाव एकदा प्रसिद्ध झाल्यावर बदलता येत नाही; उत्साहाच्या भरात त्यात आडनाव घातले, तर ते कायमचे राहिले. पडद्यावरील नामावली ही कर्त्याने लिहिलेली यादी. ही दुसरी यादी साधनांनी लिहिलेली, आणि ती वाचणारे खेळाडू नसतात.

या दुसऱ्या यादीतील एक नोंद विशेष पाहण्यासारखी आहे. अँड्रॉइडवरील खेळावर अंकीय स्वाक्षरी करण्यासाठी जावाचे 'कीटूल' वापरले, की ते प्रश्न विचारते : आपले नाव व आडनाव काय? काहीही न लिहिता पुढे गेल्यास ते 'अननोन' अशी नोंद करते आणि प्रमाणपत्र विनातक्रार तयार होते. त्यानंतर त्या खेळाची सुधारित आवृत्ती ज्याच्याकडे ती किल्ली आहे त्यालाच काढता येते. म्हणजे येथे नाव अज्ञात, पण कर्तृत्व सिद्ध. रॉबिनेटच्या अदृश्य ठिपक्याचेच हे गणिती रूप. ऑगस्ट २०२१ पासून मात्र गुगल प्लेवरील नव्या खेळांची अंतिम स्वाक्षरी गुगलच्या यंत्रणेत होते. निर्मात्याने वेगळी तजवीज केली नाही, तर त्याच्या हाती उरते ती केवळ खेळ दुकानात चढवण्यापुरती दुसरी किल्ली.